एबीएसचा पिवळा दिवा जात नाही? मॉड्यूलचा खर्च करण्याआधी चाकाजवळची वायर बघा

गणपतीच्या आधीचे चार दिवस चिपळूणला आमच्या गॅरेजसमोर मुंबई-पुण्याच्या नंबरच्या गाड्यांची रांग लागते. पनवेलपासून खड्डे खात आलेली गाडी, मागच्या सीटवर मखराचं सामान, आणि चाकरमानी चावी फिरवून दाखवतो, "मिस्त्री, हा पिवळा दिवा माणगावपासून लागलाय. ब्रेक तर लागतायत. जाऊ का तसाच गुहागरपर्यंत?"

एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीची झाली, तेव्हापासून हा दिवा लहानात लहान गाडीतही आला. आमच्याकडे पाऊस साडेतीन महिने, माती लाल आणि चिकट, आणि रस्ता कसा आहे ते तुम्हाला माहीतच आहे. त्यामुळे हे काम इतक्या वेळा हातून गेलंय की दिवा नेमका कधी लागतो एवढं ऐकलं तरी निम्मा शोध संपतो. दहातल्या सात-आठ गाड्यांत दोष चाकाजवळच सापडतो: सेन्सर, त्याची वायर किंवा त्याचा कपलर, म्हणजे वायर जोडायचा प्लग. मॉड्यूल, म्हणजे एबीएस चालवणारा कंट्रोलचा डबा, खरोखर गेलेलं मी क्वचितच बघितलंय. गिऱ्हाइकाला मात्र पहिल्यांदा मॉड्यूलचंच कोटेशन मिळतं.

दिवा लागतो म्हणजे काय होतं, ते आधी. प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो, तो चाक किती वेगाने फिरतंय ते मॉड्यूलला सतत कळवत राहतो. चार कारकून एकाच साहेबाला हिशेब पाठवतात असं समजा. एकाचा हिशेब आला नाही किंवा बाकी तिघांशी जुळेना, की साहेब एबीएसची फाइलच बंद करतो आणि पिवळा दिवा लावतो. साधे ब्रेक चालूच राहतात. फक्त ओल्या रस्त्यावर जोरात दाबलेत तर चाक जाम होऊन घसरू शकतं, आणि घसरणाऱ्या चाकाला स्टिअरिंग जुमानत नाही. म्हणून नुसता पिवळा दिवा असेल तर गुहागरला जा, पण सावकाश, पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवून.

आधी लक्षण नीट बघा

चावी ऑन केल्यावर एबीएसचा दिवा दोन-तीन सेकंद लागून विझला पाहिजे. ती त्याची स्वतःची तपासणी असते. जुनी गाडी घेताना हे आवर्जून बघा. चावी दिल्यावर दिवा लागतच नसेल तर कुणीतरी तो काढलाय किंवा मागून काळी पट्टी चिकटवलीय. असली कलाकारी मी तीनदा पकडलीय.

आता दिवा कधी लागतो? चावी दिल्यापासून विझतच नसेल तर फ्यूज, बॅटरी, तुटलेली वायर किंवा मॉड्यूल. स्टार्ट करताना विझतो, पण गाडी हलून जरा वेग घेतला की लागतो, म्हणजे वायर जोडलेली आहे पण चाकाकडून सिग्नल येत नाही: सेन्सरवर घाण, चाकासोबत फिरणारी, सेन्सर जिच्यावरून वेग मोजतो ती दात असलेली रिंग फुटलेली, बेअरिंग. खड्ड्यात आपटल्यावर किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर लागतो आणि गाडी बंद-चालू केली की जातो, म्हणजे वायर आतून तुटत आलीय. पावसात लागतो आणि उन्हात जातो, तर कपलरमध्ये पाणी. काही गाड्यांत सोबत स्पीडोमीटरचा काटाही शून्यावर पडतो, कारण तोही वेग याच सेन्सरांकडून घेतो.

एक लक्षण फसवं असतं. दिवा लागत नाही, पण सिग्नलला हळू थांबताना अगदी शेवटच्या दोन-चार हातांत पेडल पायाखाली थरथरतं आणि कर्रकर्र आवाज येतो. लोक डिस्क घासून घेतात, पॅड बदलतात. बहुतेक वेळा एक सेन्सर कमी वेगाला चुकीचं सांगत असतो, आणि चाक जाम झालं असं समजून एबीएस उगाच कामाला लागतं.

आणि लाल दिवा. पिवळ्याच्या जोडीला ब्रेकचा लाल दिवाही लागला, हँडब्रेक पूर्ण सोडलेला असूनही, तर पुढचं काही वाचू नका. एक तर ब्रेक ऑइल खाली गेलंय, नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणा बंद पडलीय. दुसऱ्या बाबतीत मागची चाकं आधी जाम होऊन गाडी गरकन फिरू शकते. गाडी बाजूला घ्या, बॉनेट उघडून ऑइल बघा, आणि त्या गाडीने कुंभार्ली घाट चढायचा-उतरायचा नाही.

बिनखर्चाच्या गोष्टी

ब्रेक ऑइलची बाटली पांढुरकी, अर्धपारदर्शक असते. झाकण न उघडता बाहेरूनच पातळी मिन आणि मॅक्सच्या रेघांमध्ये आहे का बघा. कमी असेल तर नुसतं भरून मोकळं व्हायचं नाही. पॅड झिजले की कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन बाहेर सरकतो आणि तेवढं ऑइल बाटलीतून खाली जातं. म्हणजे हळूहळू उतरलेली पातळी हा पॅड बघण्याचा निरोप आहे. पॅड शाबूत असूनही पातळी उतरत असेल तर कुठेतरी गळतंय, आणि मग विषय आमच्यासारख्याचा. भरायचंच झालं तर झाकणावर लिहिलेलंच, डॉट ३ किंवा डॉट ४, तेही सीलबंद डब्यातलं. उघडा पडलेला डबा हवेतलं पाणी ओढत राहतो. एका गृहस्थांनी घरात होतं म्हणून इंजिन ऑइल ओतलं होतं. रबरी सील सगळे फुगले, मास्टर सिलिंडरपासून चारही कॅलिपरपर्यंत खर्च झाला.

मग टायर. चारही चाकांचे टायर सारख्या मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले आहेत का? नवा टायर ८ मिलिमीटर खाचेचा आणि शेजारचा २ मिलिमीटरवर आलेला, तर व्यासात १२ मिलिमीटरचा फरक पडतो, पंधरा इंची चाकाला जवळजवळ दोन टक्के. एवढ्याने सगळ्याच गाड्या कुरकुरतील असं नाही, पण त्यात हवा कमी असली की भर पडते. स्टेपनीबद्दल मात्र गैरसमज आहे. १८५/६५ आर१५ चाकांच्या गाडीला १६५/८० आर१४ स्टेपनी दिसली की लोक घाबरतात. हिशेब करा: पहिल्याचा व्यास ६२१ मिलिमीटरच्या आसपास, दुसऱ्याचा ६२०. आकडे वेगळे असले तरी चाक सारखंच फिरतं. खरीखुरी बारीक, तात्पुरती स्टेपनी लावली असेल तर ती काढून मगच दिव्याचा विचार करा.

तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर

एबीएसच्या मॉड्यूलला कमी व्होल्टेज सहन होत नाही, ते सरळ बंद पडतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये महिनाभर उभी असलेली गाडी गावी काढली की हे हमखास होतं. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास यायला हवेत, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. चालू गाडीत तेराच्या खाली असेल तर अल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारा) किंवा त्याचा पट्टा बघा, एबीएसला हात लावू नका. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर आधी निगेटिव्ह काढा, गरम पाणी ओता, पुसून घट्ट बसवा. चासीला येणाऱ्या अर्थच्या वायरीचा बोल्टही त्याच वेळी बघून घ्या, खाडीकाठच्या गावांत तो गंजतोच.

फ्यूज दोन ठिकाणी असतात. बॉनेटमधल्या डब्यात एबीएसच्या पंपाचे मोठे, बहुतेक ३० किंवा ४० अँपिअरचे, आणि छोटा एक डॅशबोर्डखाली. डब्याच्या झाकणावर नकाशा असतो, गाडीसोबतच्या पुस्तकातही असतो. उडालेला असेल तर त्याच अँपिअरचा टाका. दुसऱ्यांदा उडाला तर थांबा, कुठेतरी शॉर्ट आहे. तारेचा तुकडा किंवा मोठा फ्यूज टाकून दिवा घालवायचा जुगाड केलेली एक गाडी माझ्याकडे जळक्या वायरिंगसकट टोचन करून आली होती.

स्कॅनर लावा, पण योग्य तो

ऑनलाइन मिळणारा पाच-सातशेचा निळा ब्लूटूथ स्कॅनर बऱ्याचदा फक्त इंजिनचे कोड, म्हणजे गाडीने नोंदवलेले दोषांचे नंबर, वाचतो. तो "नो फॉल्ट" म्हणाला म्हणजे एबीएसमध्ये दोष नाही असं होत नाही, त्याने त्या खोलीचं दारच उघडलेलं नसतं. एबीएस वाचणारा स्कॅनर असलेल्या गॅरेजात कोड बघून घ्या. आमच्या भागात त्याचे तीन-पाचशे घेतात, आणि या कामातला सगळ्यात वसूल होणारा खर्च हाच.

अनेक गाड्यांत सी००३५ म्हणजे पुढचं डावं चाक, सी००४० पुढचं उजवं, सी००४५ मागचं डावं, सी००५० मागचं उजवं. काही कंपन्यांचे कोड स्वतःचे असतात, त्यामुळे स्कॅनरवरचं वर्णनही वाचा. आणि डावं म्हणजे गाडीत बसून पुढे बघताना डावं. बॉनेटसमोर उभं राहून उलट्या बाजूचा सेन्सर बदललेले मिस्त्री मी बघितलेत. खोटं कशाला सांगू, सुरुवातीला मीही एकदा बदललाय.

कोडचा अर्थ "सेन्सर गेला" असा कधीच लावू नका. कोड एवढंच सांगतो की त्या चाकाकडून बातमी आली नाही. कारकून आजारी आहे, की टपाल हरवलं, की त्याला मोजायला दिलेली रिंगच फुटलीय, ते आपण शोधायचं. म्हणून कोड लिहून घेतला की लाइव्ह डेटा लावा. सोबत कुणाला तरी बसवून सरळ रस्त्यावर वीसच्या वेगाने गाडी चालवा आणि चारही चाकांचे आकडे बघायला सांगा. तीन चाकं वीस-एकवीस दाखवतात आणि एक मध्येच शून्य होतं, किंवा दहाच्या खाली आल्यावर एकच आधी मरतं. ते तुमचं चाक.

आता चाक काढा

खरा वेळ इथे घालवायचा. सपाट जागा, दुसऱ्या चाकांना दगड, जॅकसोबत स्टँड. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात घालायचा नाही.

पहिल्यांदा काही न खोलता वायर डोळ्याने आणि बोटाने चाचपत जा: सेन्सरपासून शॉकअपवरच्या क्लिपपर्यंत, तिथून मडगार्डच्या आतल्या रबरापर्यंत. मागच्या वर्षी एक बाई गाडी घेऊन आल्या. दुसरीकडे त्यांना मॉड्यूल बदला, पस्तीस हजार, असं सांगितलेलं. मी विचारलं, "ताई, दिवा लागायच्या आधी गाडीचं काय काम केलं होतं?" म्हणाल्या, पुढचे दोन्ही शॉकअप बदलले, त्यानंतर आठवड्याने दिवा. चाक काढलं. शॉकअपवरची क्लिप परत बसवलेलीच नव्हती. वायर लोंबत होती आणि स्टिअरिंग वळलं की टायरच्या कडेला घासत होती. वरचं काळं कव्हर सालपट काढल्यासारखं निघालेलं, आत एक तार हिरवी पडून तुटलेली. नवा सेन्सर वायरीसकट अठराशेचा, मजुरी वेगळी. तेव्हापासून आधी काय काम झालं होतं हा माझा पहिला प्रश्न असतो.

तुटलेली तार बाहेरून दिसत नाही तेव्हा एक युक्ती आहे. वायरचा दोन-दोन इंचांचा तुकडा चिमटीत धरून हलकेच ताणत जा. आत तांबं शाबूत असेल तिथे ती ताणत नाही. जिथे तुटलीय तिथे रबरासारखी लांबते. बहुतेक वेळा ही जागा वाकणाऱ्या भागात, क्लिपच्या अगदी शेजारी सापडते. अशी वायर पिळून वर टेप गुंडाळू नका. सिग्नल इतका बारीक असतो की थोडं पाणी गेलं तरी दिवा परत येतो. न हलणाऱ्या भागात सोल्डर करून वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चालते. वाकणाऱ्या भागात जोड टिकत नाही, तिथे सेन्सरच बदला.

पावसाळ्यात उंदीरही धरायचे. भाताची पेरणी झाली की ते बिळातून वर येतात आणि गरम बॉनेटमध्ये मुक्काम टाकतात. वायरवर दोन समोरासमोर बारीक खाचा दिसल्या की समजायचं.

कपलर उघडा. पिना चकचकीत हव्यात. हिरवट चुना दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, वाळवून, रबरी सील जागेवर आहे ना बघून परत लावा. २२ जुलै २०२१ च्या पुरात इथल्या कितीतरी गाड्या छतापर्यंत पाण्यात होत्या. त्यातल्या दुरुस्त होऊन विकल्या गेलेल्या गाड्या नंतरही याच तक्रारीने येत राहिल्या. एकीचा तर दर पावसाळ्यात वेगळ्या चाकाचा कोड यायचा. चारही कपलरमध्ये गाळाची बारीक पूड बसलेली होती.

आता सेन्सर. एकच बोल्ट, बहुतेक दहाच्या पान्याचा. बोल्ट निघतो, सेन्सर निघत नाही, कारण भोवती गंज फुगलेला असतो. स्क्रू ड्रायव्हरने उचकटलात तर प्लास्टिकचं डोकं हातात येतं आणि दांडा आतच राहतो. गंज सोडवणारा स्प्रे मारा, पंधरा मिनिटं चहा प्या, मग डावीकडे-उजवीकडे थोडं थोडं फिरवत काढा. टोकाला चिकटलेला काळा गाळ म्हणजे माती आणि लोखंडाचा कीस, चुंबक असलेल्या सेन्सरला तो मिशीसारखा धरतो. कापडाने पुसा, घासू नका. सेन्सर जिथे टेकतो त्या जागेचा गंज मात्र पॉलिश पेपरने नीट काढा. सेन्सर आणि रिंगमधलं अंतर जेमतेम एक मिलिमीटर असतं. खाली गंजाचा पापुद्रा राहिला तर सेन्सर वर उचलला जातो आणि कमी वेगाला सिग्नल मरतो. वर सांगितलेल्या त्या थरथरत्या पेडलचं कारण बऱ्याचदा हेच.

मल्टिमीटरने तपासायचं असेल तर सेन्सर कुठल्या जातीचा आहे ते आधी कळलं पाहिजे. जुन्या पद्धतीच्या, आत नुसती कॉइल असलेल्या सेन्सरचा रोध साधारण ८०० ते २००० ओहम येतो, आणि चाक हाताने फिरवलं की एसी व्होल्टवर थोडे व्होल्ट दिसतात. नव्या गाड्यांत बहुतेक करून आत इलेक्ट्रॉनिक्स असलेला सेन्सर येतो. त्याला ओहम लावून काहीच कळत नाही, आणि टेस्ट लॅम्प लावलात तर चांगला सेन्सर मरतो. तिथे कपलरवर मॉड्यूलकडून सप्लाय येतोय का एवढंच बघा आणि बाकी स्कॅनरवर सोडा.

रिंग आणि बेअरिंग

सेन्सर नवा, वायर चांगली, तरी त्याच चाकाचा कोड परत येतो. आता सेन्सर जे मोजतो ते बघायचं. काही गाड्यांत अॅक्सलवर, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्यावर, दाते असलेली लोखंडी रिंग असते. गंजाने फुगून तिला चीर जाते, टॉर्च मारून चाक एक पूर्ण फेरा फिरवलं की दिसते. बाकीच्या गाड्यांत रिंग दिसतच नाही, बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी भरलेली असते. हे बेअरिंग उलटं दाबलं की चाक लोण्यासारखं फिरतं, आवाज नाही, काही नाही, पण सेन्सरसमोर पट्टीच नसते. बेअरिंग बदलल्याच्या दिवसापासून दिवा लागलेला असेल तर सेन्सर घ्यायच्या आधी हे विचारा. उलटं बसलेलं बेअरिंग काढताना ते जातंच, म्हणजे नवं घ्यावं लागतं. आणि प्रेस असल्याशिवाय हे काम घरी करायचं नाही, हातोड्याने ठोकलेलं बेअरिंग सहा महिन्यांत गुणगुणायला लागतं.

इथे पाना खाली ठेवा

पेडल स्पंजासारखं लागतंय किंवा दाबून धरलं की हळूहळू खाली जातंय. ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढतेय. गाडी बंद असतानाही एबीएसचा पंप घुरघुरतोय आणि सकाळी बॅटरी बसलेली असते. फ्यूज दुसऱ्यांदा उडालाय. कोड पंपाचा, व्हॉल्व्हचा किंवा मॉड्यूलचा आहे. यातलं काहीही असेल तर घरचं काम संपलं. हायड्रॉलिक युनिटचे, म्हणजे पंप आणि व्हॉल्व्ह असलेल्या भागाचे, पाइप खोलले की आत हवा जाते. ती पूर्ण काढायला बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने पंप आणि व्हॉल्व्ह चालवून ब्लीडिंग करावं लागतं. नेहमीसारखं पेडल मारून काढलेली हवा युनिटच्या आत अडकून राहू शकते आणि नेमकी घाटात बाहेर येते. भंगारातून आणलेलं मॉड्यूलही नुसतं लावून चालेलच असं नाही, बऱ्याचदा गाडीला कोडिंग लागतं. गाडी वॉरंटीत असेल तर मुळात कपलरही उघडू नका.

दुसऱ्याकडे नेताना एका कागदावर लिहून न्या: दिवा चावी देताना लागतो की चालताना, किती वेगाला, कोड काय, बॅटरीचे व्होल्ट किती, शेवटचं काम कुठलं झालं. मॉड्यूल बदला म्हणाले तर त्या चाकाची वायर कपलरपासून मॉड्यूलपर्यंत तपासली का, एवढा एकच प्रश्न विचारा. काढलेला पार्ट परत मागा.

काम झाल्यावर कोड पुसून घ्या. काही गाड्यांत चांगला सिग्नल मिळाला तरी थोडी गाडी चालवल्याशिवाय दिवा विझत नाही, त्यामुळे गॅरेजच्या दारातच वाद घालू नका. रिकाम्या मैदानात, ओल्या मातीवर, मागेपुढे कुणी नाही बघून तीसच्या वेगाला एकदा ब्रेक पूर्ण दाबा. पायाखाली टकटक आली आणि गाडी सरळ थांबली की चाक, वायर, मॉड्यूल सगळे कामावर आहेत. आणि धुवायला दिलीत तर प्रेशरचा फवारा चाकाच्या आत, सेन्सरवर रोखू नका म्हणावं. तिथली माती साध्या पाइपने निघते.